पोथी आणि चित्रखंड : जुन्या चित्रफितींच्या नव्या विनियोगाची पाठचिकित्सा

१

'संहिता' हा शब्द उच्चारताच भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला पोथी, तिचे पाठभेद, तिच्या अखेरची पुष्पिका आणि कालांतराने तिच्यात शिरलेले प्रक्षेप यांचे स्मरण होते. चित्रपट हा या विचारकक्षेच्या बाहेरचा विषय आहे, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. आज ती टिकण्यासारखी राहिलेली नाही. २००० साली प्रेलिंगर संग्रहाने इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेच्या सहकार्याने आपल्या चित्रफिती संकेतस्थळावर खुल्या करण्यास प्रारंभ केला. २०१४ साली ब्रिटिश पाथे या वृत्तपट संस्थेने सुमारे ८५,००० चित्रफिती यूट्यूबवर ठेवल्या. पूर्वी जी सामग्री पाहावयास अभिलेखागाराची परवानगी, प्रक्षेपणयंत्र आणि प्रवासखर्च यांची गरज पडे, ती आता कोणाही जिज्ञासूच्या हाती येते. तो ती केवळ पाहत नाही. कापतो, जोडतो, रंगवतो, तिच्यावर नवे संगीत चढवतो आणि पुन्हा प्रसृत करतो.

या घडामोडीकडे दोन टोकांच्या दृष्टींनी पाहिले जाते. एका मते हा जुन्या ठेव्याचा विध्वंस होय. दुसऱ्या मते हे निर्मितीचे निर्बंध स्वातंत्र्य होय. पाठचिकित्सेची आणि टीकापरंपरेची दीर्घ शिस्त लाभलेल्या मराठीसारख्या भाषेच्या अभ्यासकाला या दोहोंपेक्षा अधिक नेमकी भूमिका घेता येण्यासारखी आहे. तिची मांडणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

जुन्या चित्रखंडांतून नवी कृती घडविण्याची प्रथा संगणकयुगाहून कितीतरी जुनी आहे. १९२७ साली सोव्हिएत दिग्दर्शिका एस्फिर शुब यांनी 'रोमानोव्ह घराण्याचा अस्त' हा चित्रपट जुन्या वृत्तफिती आणि झारच्या खासगी चित्रफिती यांतून उभा केला. झारच्या वैभवाचे दर्शन घडविण्यासाठी टिपलेली दृश्ये त्यांनी अशा क्रमाने मांडली, की तीच दृश्ये त्या राजवटीविरुद्ध साक्ष देऊ लागली. १९५८ साली अमेरिकेतील ब्रूस कॉनर यांनी 'अ मूव्ही' या लघुपटात परस्परांशी काडीचा संबंध नसलेले तुकडे जोडून विनोदातून विनाशाकडे नेणारी मालिका रचली. दोन्ही उदाहरणांत एकही नवी चौकट चित्रित करावी लागली नाही, असे ढोबळ मानाने म्हणता येईल. नवा अर्थ जन्माला आला तो क्रमातून, सान्निध्यातून आणि विरोधातून. अभिजात काव्यशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर वाच्यार्थ तोच राहिला, व्यंग्यार्थ बदलला.

मात्र शुब यांच्यासमोर प्रत्यक्ष रिळे होती. कोणती दृश्ये कोणत्या डब्यातून आली हे त्यांना ठाऊक होते. आजच्या रचनाकाराच्या हाती बहुधा प्रतीची प्रत येते आणि मधल्या प्रवासात मूळ शीर्षक, साल, चित्रणकर्ता व गती यांच्या नोंदी गळून पडलेल्या असतात. पुष्पिका फाटलेल्या पोथीसारखी तिची अवस्था होते. डिजिटल माध्यमाने निर्माण केलेला खरा प्रश्न हा आहे. कापण्या-जोडण्याचा प्रश्न त्यामानाने जुना होय.

३

पुष्पिका चुकीची असली म्हणजे काय होते, याचे भारतापुरते बोलके उदाहरण १८९९ सालच्या एका चित्रफितीत सापडते. भारतातील जुन्यात जुन्या उपलब्ध चित्रफितींत गणली जाणारी ही फीत ब्रिटनमधील राष्ट्रीय अभिलेखागारात जतन केलेली आहे. नदीतून जाणाऱ्या नावेतून टिपलेले घाट, पायऱ्या आणि स्नानार्थींची गर्दी तीत दिसते. शीर्षक मात्र 'कलकत्त्याचे विहंगम दृश्य' अशा अर्थाचे आहे, आणि पडद्यावर दिसतात ते वाराणसीचे घाट! ज्याने घाट एकदा पाहिले आहेत अशा कोणाही भारतीयाला जे क्षणात उमगावे, ते लंडनच्या व्यापारी यादीला उमगले नाही, अथवा उमगण्याची तिला गरज भासली नाही. साम्राज्याच्या बाजारात कलकत्ता हे नाव अधिक परिचित होते, एवढे कारण त्यास पुरेसे असू शकेल.

२०१७ साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने भारतविषयक चित्रफितींचा एक मोठा संच संकेतस्थळावर खुला केला. त्याच साठ्यातून संध्या सुरी यांनी 'अराउंड इंडिया विथ अ मूव्ही कॅमेरा' (२०१८) हा पूर्ण लांबीचा चित्रपट संकलित केला. त्यास सरोदवादक सौमिक दत्ता यांचे संगीत आहे. १८९९ ते १९४७ या कालखंडातील प्रवासपट, वृत्तपट आणि हौशी चित्रणे त्यात एकत्र येतात. मूळ चित्रणांत भारतीय माणसे बहुधा पार्श्वभूमी म्हणून आली आहेत : साहेबाच्या शिकारीत हाकारे घालणारी, मेमसाहेबांच्या मुलाला कडेवर घेणारी, मिरवणुकीच्या कडेला उभी असलेली. संकलनाच्या नव्या रचनेत प्रेक्षकाची नजर त्यांच्यावर स्थिरावू लागते. कॅमेऱ्याकडे रोखून पाहणारा एखादा अनाम चेहरा, जो मूळ चित्रकाराच्या दृष्टीने निव्वळ अडथळा होता, तो येथे दृश्याचा केंद्रबिंदू होतो.

याच दिग्दर्शिकेच्या 'आय फॉर इंडिया' (२००५) या आधीच्या चित्रपटाशी याची तुलना उद्बोधक ठरते. त्यांचे वडील १९६०च्या दशकात इंग्लंडला गेले आणि पत्रांऐवजी सुपर-८ चित्रफिती व ध्वनिफिती भारतातील कुटुंबाला पाठवू लागले. तिकडूनही तशाच फिती येत. त्या कौटुंबिक चित्रपत्रांतून तो चित्रपट साकारला. तेथे प्रत्येक चेहऱ्याला नाव होते, नाते होते. साम्राज्याच्या साठ्यातील चेहऱ्यांना नाव नाही. एकाच हाताने घडविलेल्या या दोन कृतींतील अंतर हे खरे म्हणजे दोन अभिलेखागारांतील अंतर आहे. एक आठवणीचे आहे, दुसरे सत्तेचे. जुन्या सामग्रीतून रचना करणाऱ्याला आपण यांपैकी कोणत्या कोठारात उभे आहोत याची जाण नसेल, तर तो नकळत सत्तेचीच नजर पुन्हा एकदा, अधिक सुबक स्वरूपात, प्रेक्षकाला देतो.

४

संकलनाप्रमाणेच विनियोगाचा दुसरा एक प्रकार आहे, आणि तो भारतीय अभ्यासकाला अधिक जवळचा वाटावा. तो म्हणजे टीका. दोष दाखविणे या अर्थाने नव्हे, तर भाष्य या मूळ अर्थाने. २००८ साली मुंबईतील कॅम्प, मजलिस व पॉइंट ऑफ व्ह्यू, बंगळूरचे ऑल्टरनेटिव्ह लॉ फोरम आणि बर्लिनचा ०एक्स२६२० हा गट यांनी मिळून 'पॅड.मा' हे संकेतस्थळ सुरू केले. त्यात पूर्ण झालेल्या चित्रपटांपेक्षा कच्च्या चित्रणाला, म्हणजे माहितीपट पूर्ण झाल्यावर जे एरवी कपाटात पडून राहते अशा सामग्रीला, प्राधान्य देण्यात आले. चित्रखंडाच्या नेमक्या क्षणाला जोडून वर्णन, संवादांची प्रत, स्थळ, विषयसूची आणि भाष्य असे अनेक स्तर लिहिण्याची सोय या रचनेचे मर्म होय. भारतीय चित्रपटांच्या शताब्दीच्या सुमारास, २०१३ साली, याच पद्धतीवर 'इंडियनसिने.मा' हे भारतीय चित्रपटांचे टीकायुक्त अभिलेखागार उभे राहिले.

ओवीखाली टीप, टिपेखाली दुसऱ्या टीकाकाराचे मत आणि समासात लेखकूची नोंद, अशी पाने ज्याने चाळली आहेत त्याला या पडद्याची मांडणी परकी वाटणार नाही. येथे मूळ चित्रफीत अभंग राहते. तिच्या भोवती अर्थाची वाढ होते. ब्रिटिश साम्राज्यविषयक चित्रपटांची २०१० साली सिद्ध झालेली सूचीही याच जातीची आहे. तीत ६,००० हून अधिक चित्रपटांची नोंद, सुमारे १५० चित्रपट पाहण्याची सोय आणि ३५० हून अधिक चित्रपटांवर विस्तृत चिकित्सक टिपणे आहेत. ही आकडेवारी स्वतःच सूचक आहे. पाहता येण्याजोग्या चित्रपटांपेक्षा भाष्य असलेल्या चित्रपटांची संख्या दुपटीहून अधिक आहे.

या उपक्रमांना कायद्याचाही एक आधार लाभला. १९५७च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटावरील हक्क प्रकाशनानंतरच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. मूळची ५० वर्षांची ही मुदत १९९२ साली वाढविण्यात आली. म्हणजे १९६० साली प्रकाशित झालेला चित्रपट २०२० हे वर्ष संपताच सर्वांचा झाला. दरवर्षी भारतीय चित्रपटांचे आणखी एक साल लोकांच्या मालकीचे होते. ही मालकी आपोआप येते. जबाबदारी तशी येत नाही.

५

तिसरा प्रकार सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत धोक्याचा होय. त्यात मूळ चित्रफितीलाच हात लावला जातो. ल्युमिएर बंधूंच्या 'आगगाडीचे आगमन' या चित्रफितीची, जी ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलातही दाखविण्यात आली होती, संगणकाने घडविलेली एक 'सुधारित' आवृत्ती २०२० साली डेनिस शिर्याएव यांनी प्रसृत केली. तीत दर सेकंदास ६० चौकटी आहेत. मूळ चित्रणाची गती सेकंदाला सुमारे १६ चौकटींची होती. म्हणजे त्या आवृत्तीतील जवळजवळ तीन चतुर्थांश चौकटी कोणत्याही कॅमेऱ्याने कधीही टिपलेल्या नाहीत. त्या यंत्राने दोन चौकटींच्या मध्ये कल्पिलेल्या आहेत. पोथीच्या भाषेत यास प्रक्षेप म्हणतात. तो कितीही मनोहर असला तरी प्रक्षेपच.

गतीचा हा प्रश्न मराठी अभ्यासकाला दादासाहेब फाळके यांच्यापाशी आणून सोडतो. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात लोकांसमोर आलेला 'राजा हरिश्चंद्र' सुमारे ३,७०० फूट लांबीचा होता. ३५ मिलिमीटर फितीच्या एका फुटात १६ चौकटी मावतात. सेकंदाला १६ चौकटी या गतीने तो चालविला तर तासाहून थोडा अधिक वेळ लागेल. बोलपटाच्या २४ चौकटींच्या गतीने तो एकेचाळीस मिनिटांत संपेल. या चित्रपटाचा म्हणून सर्वत्र दिला जाणारा चाळीस मिनिटांचा कालावधी या दुसऱ्या हिशेबाशी जुळतो. साधा आकडा वाटतो, परंतु त्याचा परिणाम गंभीर आहे. अण्णा साळुंके यांनी उभी केलेली तारामती दीडपट वेगाने हालू लागली की तिचा शोक विनोदी भासतो. मराठी रंगभूमीवरील स्त्रीपार्टी नटाच्या संथ, तोललेल्या हावभावांशी असलेले तिचे नाते तुटते, आणि आरंभीच्या चित्रपटांतील अभिनय बालिश होता असा निष्कर्ष प्रेक्षक काढतो. तो निष्कर्ष फाळक्यांविषयी नसून चुकीच्या गतीविषयी असतो.

पाठाचा प्रश्न याहून बिकट आहे. या चित्रपटाची काही रिळेच आज शिल्लक आहेत, आणि ती १९१३ची नसून फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीतील असावीत, असे काही इतिहासकारांचे मत आहे. महाजालावर फिरणाऱ्या असंख्य प्रतींवर मात्र '१९१३' हेच साल निःशंकपणे छापलेले असते. पोथीच्या संपादकाने असा संशय तळटिपेत तरी नोंदविला असता.

६

पुण्यातील विधी महाविद्यालय रस्त्याच्या परिसरात दोन संस्था आहेत. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम सुरू झाले आणि १९६६ साली ते पूर्ण झाले. ते पूर्ण होण्याच्या दोनच वर्षे आधी, १९६४ साली, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली. फाळक्यांचा 'कालिया मर्दन' हाही १९१९ सालचाच. पोथ्यांसाठी जी शिस्त एका वास्तूत अर्धे शतक घडत होती, ती चित्रफितींच्या दुसऱ्या वास्तूपर्यंत आणि तेथून सर्वसामान्य प्रेक्षकाच्या पडद्यापर्यंत पोहोचविणे हे आजचे कार्य आहे.

या कार्यात निर्मितीचा संकोच होईल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे पाठशोधन केले आणि तीत नवी ओवी घालू नये असे पुढील लेखकूंना बजावले. तेच एकनाथ भागवताच्या एकादश स्कंधावर स्वतंत्र प्रतिभेने टीका रचतात आणि भारुडांतून गारुडी, महार, जोशी अशा नाना भूमिका घेऊन बोलतात. ज्ञानेश्वरी हीदेखील मुळात गीतेवरील टीका आहे. ती गीतेत मिसळली नाही, गीतेशेजारी उभी राहिली. शोधनाच्या वेळी कठोर आणि रचनेच्या वेळी मुक्त राहणे या परंपरेला कधीच अवघड गेले नाही, कारण कोणत्या वेळी आपण कोणते काम करीत आहोत हे तिला ठाऊक होते.

जुन्या चित्रफितींतून नवी कृती घडविणाऱ्याकडून एवढीच अपेक्षा करावयाची आहे. मूळ फीत कोणती, कोठून आली आणि तिच्याविषयी कोणता संशय आहे हे सांगितले जावे. गती, रंग, ध्वनी यांत केलेला बदल बदल म्हणून ओळखू यावा, आणि अस्पर्शित प्रत कोठे पाहता येईल याचा निर्देश असावा. चौकटीतील माणूस कोणाच्या नजरेने आणि कोणत्या सत्तेखाली टिपला गेला याचा विचार रचनेत दिसावा. यांपैकी पहिल्या दोन अपेक्षा संपादकाच्या आहेत, तिसरी कवीची.

वाराणसीच्या घाटावर १८९९ साली स्नान करणाऱ्या त्या माणसांना आपले चित्र घेतले जात आहे हे कदाचित कळलेही नसेल. त्यांची नावे आता मिळणार नाहीत. त्यांच्या गावाचे नाव मात्र बरोबर लिहिता येते.