तक्रार नंबर आणि उत्तराची वही : दोन्ही जोडा, म्हणजे धंदा एका माणसावर अडणार नाही



माहूरसारख्या गावात इन्व्हर्टर, सीसीटीव्ही, आरओ विकणाऱ्या दुकानाची खरी परीक्षा विक्रीनंतर सुरू होते. नवरात्रात गडावर गर्दी, लॉजवाल्यांचे फोनवर फोन, आणि दुरुस्ती जमणारा पोरगा दुकानात एकच. तो उद्या पुण्याला नोकरीला गेला की त्याच्या डोक्यातलं सगळं त्याच्यासोबत जातं. दुकान तुमचं, पण माहिती त्याची!

यासाठी दोन गोष्टी लागतात.

तिकीट : प्रत्येक तक्रारीला एक नंबर. कोणाची, काय, कधी आली, कोणाकडे दिली, मिटली का.

विकी : दुकानातल्या सगळ्यांनी मिळून लिहायची आणि सुधारायची वही. जगातली पहिली विकी वॉर्ड कनिंगहॅम यांनी 1995 मध्ये सुरू केली. हवाईयन भाषेत विकी म्हणजे झटपट.

नुसत्या तिकिटात ‘झालं’ एवढंच कळतं, कसं झालं ते कळत नाही. नुसती विकी एकदा लिहून पडून राहते. जोडलं की तिकिटं सांगतात, कोणतं पान हवंय आणि कोणतं चुकतंय.

मोठ्या कंपन्या हे कसं करतात? अ‍ॅटलासियनचं जिरा सर्व्हिस मॅनेजमेंट आणि कॉन्फ्लुएन्स एकमेकांना जोडता येतं. ग्राहक तक्रार टाइप करतानाच त्याला संबंधित लेख दिसतात. तिकीट हाताळणाऱ्यालाही तेच लेख समोर येतात.

आपण गुगल शीट आणि गुगल डॉक्सवर सुरुवात करू :

1. शीटमध्ये तक्रारींची यादी करा. शेवटचा रकाना ‘उत्तराचं पान’.
2. प्रत्येक अडचणीचं वेगळं डॉक. वर लक्षण, मग तपासणी, मग उपाय. उदा. ‘सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग होत नाही’ : मशीनमधली तारीख-वेळ बघा, हार्ड डिस्क दिसते का बघा, रेकॉर्डिंगचं शेड्यूल चालू आहे का बघा.
3. त्या डॉकची लिंक शेवटच्या रकान्यात टाका.
4. नियम एकच : लिंक नाही, तर तक्रार बंद नाही. पान आधीच असेल तर जुनीच लिंक टाका. उपाय वेगळा निघाला तर लगेच पान दुरुस्त करा.
5. महिनाअखेर कोणती लिंक जास्त वेळा आली ते मोजा. तीच अडचण वारंवार येत असेल, तर माल बसवतानाच ग्राहकाला ती समजावून सांगा. तेवढ्या फेऱ्या आणि पेट्रोल वाचेल.

एक काळजी घ्या. ग्राहकाचा मोबाइल नंबर, पत्ता तिकिटातच ठेवा, विकीत नको. कॅमेऱ्याचा पासवर्ड तर दोन्हीकडे लिहू नका. काम सोडून गेलेल्या माणसाचा शीट आणि डॉक्सचा अ‍ॅक्सेस त्याच दिवशी काढा.

सगळं एकदम लिहायला बसू नका, कंटाळा येईल. या आठवड्यात ज्या तक्रारी येतील तेवढ्याचीच पानं करा. नवीन पोरगा कामावर आला की त्याच्या हातात आधी ती पानं द्या. त्याला कुठं अडतंय ते बघा, तिथं पान सुधारा.