केसपेपर ते शोधनिबंध : वैद्यकीय नियतकालिकाकडे हस्तलिखित पाठविण्यापूर्वी

आमच्या देवळी परिसरात कपाशीच्या हंगामात जानुशूल, कटिशूल आणि आमवाताचे रुग्ण दररोज येतात. त्यांतील अनेकांना आपल्या चिकित्सेने उपशय मिळतो. परंतु तो अनुभव केसपेपरांच्या गठ्ठ्यातच राहतो आणि वैद्याबरोबर लयास जातो. तो शास्त्राच्या कोशात जमा व्हावा, म्हणून शोधनिबंध सिद्ध करण्याची पद्धत प्रस्तुत लेखात मांडीत आहोत.

ग्रामीण चिकित्सकाला हे शक्य आहे काय?

महाडनजीकच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये रुजू झाले. विंचूदंशाच्या रुग्णाजवळ थांबून त्यांनी घाम, नाडी, रक्तदाब व फुप्फुसांतील लक्षणे यांच्या नोंदी ठेवल्या. त्यांचे निरीक्षण १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आणि प्राझोसिनच्या उपयोगाविषयीचा लेख १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे २०११ मध्ये त्यांचा व डॉ. प्रमोदिनी बावस्करांचा तुलनात्मक अभ्यास 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने छापला. चिकित्साशास्त्र वेगळे असले तरी बोध आपल्याही उपयोगाचा आहे. त्यांचे पहिले साधन म्हणजे रुग्णाशेजारी बसून केलेली काटेकोर नोंद होय.

आमची चूक

आम्ही स्वतः जानुसंधिगत वातावरील रुग्णांचे अनुभव संकलित करून एका नियतकालिकाकडे पाठविले होते. निबंध परत आला. परीक्षकांनी तीन प्रश्न विचारले होते : वेदना कोणत्या मापाने मोजली? क्वाथातील रास्ना कोणती? आणि जे रुग्ण पुन्हा आले नाहीत, त्यांचे काय झाले?

तिसऱ्या प्रश्नाने आम्ही निरुत्तर झालो. न आलेले रुग्ण आम्ही हिशेबातूनच वगळले होते. नंतर त्यांच्या घरी चौकशी केली तेव्हा कोणी बरे वाटल्याने थांबले होते, कोणी उपशय न मिळाल्याने अन्यत्र गेले होते, तर कोणास आम्लपित्ताचा त्रास झाला होता. हे आम्हांस ज्ञात नव्हते, कारण आम्ही विचारलेच नव्हते. या त्रासाची नोंद पुढील रुग्णाच्या रक्षणार्थ आवश्यक होती.

हिशेब उदाहरणाने पाहू. समजा, ४० रुग्णांवर चिकित्सा सुरू केली. १२ रुग्ण मध्येच थांबले. उरलेल्या २८ पैकी २१ जणांस उपशय मिळाला. २८ हा छेद धरल्यास यश ७५ टक्के दिसते. ४० धरल्यास ते ५२.५ टक्के होते. निबंधात ४० हाच आकडा आरंभी यावा, थांबलेल्या १२ जणांची कारणे यावीत आणि मगच निष्कर्ष मांडावा.

निबंधाची अंगे

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी १९७८ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे एकत्र येऊन हस्तलिखितांसाठी समान नियम ठरविले. त्यांच्या सुधारित आवृत्त्या आजही अनेक नियतकालिके पाळतात. निबंधाची मुख्य अंगे चार :

१. प्रस्तावना – प्रश्न कोणता व तो का घेतला, एवढेच. व्याधीचे संपूर्ण निदानपंचक येथे उतरवू नये.

२. साहित्य व पद्धती – रुग्णनिवडीचे निकष, औषध, मात्रा, काल, अनुपान, पथ्य व मोजमाप. हे वाचून दुसऱ्या वैद्यास तीच चिकित्सा करता आली पाहिजे.

३. निरीक्षणे – जे आढळले ते. अनुकूल व प्रतिकूल दोन्ही. येथे मतप्रदर्शन नको.

४. चर्चा – संप्राप्तिविघटनाची मीमांसा, पूर्वीच्या कार्याशी तुलना आणि स्वतःच्या अभ्यासाच्या मर्यादा.

ही शिस्त आपणांस परकी नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात प्रतिज्ञा, हेतू, दृष्टांत, उपनय व निगमन हा क्रम आलेला आहे आणि सिद्धिस्थानाच्या अखेरीस ३६ तंत्रयुक्ती सांगितल्या आहेत. मात्र संहितेतील आधार हा आप्तोपदेश होय. आपल्या रुग्णांवरील परिणामासाठी प्रत्यक्षच द्यावे लागते.

एकाच रुग्णाचा वृत्तांत लिहावयाचा असल्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली 'केअर' मार्गदर्शिका समोर ठेवावी. तीत तक्रारींचा कालक्रम, निदान, चिकित्सा, पाठपुरावा आणि रुग्णाचे स्वतःचे मत यांस स्थान आहे. सामान्य चिकित्सालयासाठी आरंभ येथूनच करणे इष्ट.

औषधाची ओळख : औषधनिर्मात्यांसाठी

रास्नेचे उदाहरण बोलके आहे. उत्तरेत 'प्लुचिया लॅन्सिओलाटा' या वनस्पतीस रास्ना म्हणतात, तर दक्षिणेत 'अल्पिनिया गॅलंगा' वापरतात. केवळ 'महारास्नादि क्वाथ दिला' असे लिहिल्यास वाचकाला कोणते द्रव्य समजावे? म्हणून शास्त्रीय नाव, प्रयोज्यांग, ग्रंथाधार, निर्माता, बॅच क्रमांक व परीक्षणाचा तपशील द्यावा. वनौषधींच्या अभ्यासांसाठी २००६ मध्ये 'कन्सॉर्ट'ची जी पूरक सूची प्रसिद्ध झाली, तिचा भर यावरच आहे.

रसौषधींबाबत अधिक दक्षता हवी. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारद वा सोमल आढळल्याचे २००४ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आपली बाजू मांडावयाची तर शोधन-मारणाची नोंद व प्रयोगशाळेचा अहवाल हाती असला पाहिजे. तसेच फार्मसीने औषध विनामूल्य पुरविले असल्यास, अथवा लेखकच फार्मसीचा मालक असल्यास, तसे निबंधात स्पष्ट लिहावे. ते लिहिण्यात कमीपणा नाही, लपविण्यात आहे.

संमती व नोंदणी

छायाचित्र वा वृत्तांत छापण्यापूर्वी रुग्णास समजेल अशा मराठीत लेखी संमती घ्यावी. नाव, गाव, नोंदणी क्रमांक अशी ओळख पटविणारी माहिती काढून टाकावी. चिकित्सेची चाचणी योजिली असल्यास प्रथम नैतिकता समितीची मान्यता आणि त्यानंतर भारतीय चिकित्सा-चाचणी नोंदवहीत नोंद आवश्यक आहे. १ एप्रिल २०१८ पासून ही नोंद पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच करावी लागते. मागाहून ती होत नाही. एकट्या वैद्याने जवळच्या महाविद्यालयाशी सहकार्य करावे. वर्धा परिसरात सेवाग्राम, सावंगी व सालोड येथे अशा संस्था आहेत.

पाठविण्यापूर्वी तपासावे

• नियतकालिकाच्या लेखकांसाठीच्या सूचना वाचून शब्दमर्यादा व संदर्भपद्धती पाळली आहे काय?
• सारांशातील आकडे व तक्त्यांतील आकडे जुळतात काय?
• प्रत्येक सहलेखकाने प्रत्यक्ष कार्य केले असून अंतिम मसुदा वाचला आहे काय?
• दुसऱ्याचे वाक्य आपले म्हणून आलेले नाही ना?
• निबंध एकाच वेळी दोन ठिकाणी पाठविलेला नाही ना?

शुल्क भरताच आठवड्यात प्रसिद्धीची हमी देणाऱ्यांपासून सावध राहावे. तेथे परीक्षण होत नाही. केवळ पावती मिळते. परीक्षकांचे कठोर अभिप्राय आले तर प्रत्येक मुद्द्यास क्रमवार उत्तर द्यावे आणि जेथे आपले चुकले तेथे तसे मान्य करावे.

आमचा निबंध आम्ही नव्याने लिहिला. यशाचा टक्का उतरला. परंतु आता त्यातील प्रत्येक आकड्यामागे एक रुग्ण उभा आहे. वैद्यबंधूंनी व भगिनींनी उद्याच्या पहिल्या केसपेपरपासून तीन गोष्टी लिहाव्यात : मोजलेली वेदना, औषधाचा बॅच क्रमांक आणि पुढील भेटीची तारीख. रुग्ण त्या तारखेस न आल्यास, का आला नाही हे विचारावे. शोधनिबंधाचा आरंभ तेथेच होतो.