स्वतःचा सॅक्सोफोन स्वतःला का ऐकू येत नाही?

प्रश्न : मी आल्टो सॅक्सोफोन वाजवतो. घरी आवाज छान भरदार, गोल वाटतो. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकला की तोच चिरका लागतो. लग्नाच्या बँडात तर कीबोर्ड आणि ड्रम्स सुरू झाले की मी काय वाजवतोय ते माझं मलाच कळत नाही. मग मी जोरात फुंकतो. कान दाखवून घ्यावेत की वाद्य?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : दोन्ही ठीकच असावेत. अडचण आहे ती कान आणि वाद्य यांच्या जागेची. पोवाडा गाताना शाहीर कानाशी हात धरतो तो निव्वळ ऐटीसाठी नव्हे, गलक्यात आपला सूर आपल्याला नीट लागावा म्हणून. सॅक्सोफोनवाल्याचे दोन्ही हात वाद्यात अडकलेले, त्यामुळे ही सोय त्याला दुसरीकडून करून घ्यावी लागते.

सगळा आवाज बेलमधून, म्हणजे वाद्याच्या रुंद तोंडातून, निघतो असा समज आहे. तो खरा आहे फक्त अगदी तळाच्या सुरांपुरता. एरवी बोटं उचलल्यावर जी भोकं उघडी राहतात, त्यांतल्या पहिल्या काही भोकांतूनच बराचसा आवाज बाहेर पडतो आणि चहूकडे पसरतो. आवाजाला धार देणारी उंच कंपनं मात्र या भोकांना फारशी जुमानत नाहीत. ती नळीतून तशीच पुढे जातात आणि बेलमधून समोर फेकली जातात. तुमचे कान बेलच्या मागच्या बाजूला असतात. म्हणजे धार ऐकतात श्रोते आणि गोलाई तुमच्या वाट्याला येते.

त्यात भर दातांची. वरचे दात माउथपीसवर टेकलेले असल्याने रीडचं कंपन दातांतून कवटीत आणि तिथून थेट आतल्या कानात पोचतं. हा गुंजारव तुमच्याशिवाय कुणालाच ऐकू येत नाही, मोबाइलला तर नाहीच. माउथपीसवर रबराची पातळ चकती चिकटवली की तो बराच कमी होतो आणि बाहेरचा आवाज जरा खरा ऐकू येऊ लागतो. मोबाइललाही सगळा दोष देऊ नका. तो बेलच्या तोंडाशी ठेवला तर फाटकंच ऐकू येणार. दोन-तीन मीटर लांब ठेवून पाहा.

घरच्या रियाजाला माझ्या मते भिंतीइतका चांगला उपाय नाही, आणि तो फुकट आहे. साधी, टणक, पडदा नसलेली भिंत गाठा आणि तिच्यापासून हातभर अंतरावर तिच्याकडे तोंड करून वाजवा. भिंत एक मीटरवर असेल तर आवाज जाऊन परत यायला सेकंदाच्या हजार भागांपैकी सुमारे 6 भाग लागतात. एवढ्या थोड्या वेळात परतलेला आवाज कानाला वेगळा जाणवत नाही, मूळ आवाजातच मिसळतो. तीच भिंत सतरा मीटरवर असेल तर तो दशांश सेकंद उशिरा येतो, आणि हा झाला प्रतिध्वनी. बाजारात बेलवर बसवायची पारदर्शक तबकडी मिळते, तीही हेच काम करते. मात्र ती बेलमधून येणारी धार तेवढी परतवते. स्टँडवर अॅक्रिलिकचा तुकडा उभा केला तरी काम भागतं.

शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून कपड्यांच्या कपाटात तोंड घालून वाजवणारे असतात. शेजारधर्म उत्तम, पण कपडे नेमकी धारच शोषून घेतात. बाथरूमच्या टाइल्स उलट खोटी स्तुती करतात. जॅझ सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्सने 1959 ते 1961 या काळात न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर रियाज केला, ही गोष्ट सॅक्सोफोनवाल्यांची लाडकी आहे. पुलावर मनसोक्त फुंकता येतं हे खरं, पण मोकळ्यावर आवाज परत फिरत नाही. दम वाढवायला मैदानात जा, सूर तपासायला भिंतीशी या.

सुरासाठी तानपुरा लावा, अॅपमधला चालेल. आल्टोवरचा सी म्हणजे पेटीची काळी दोन, टेनरवरचा सी म्हणजे काळी पाच. तो षड्ज धरून लांब सूर लावला आणि सूर किंचित हलला, तर आवाजात धडधडल्यासारखी लाट येते. ही लाट ऐकायची सवय लागली की गोंगाटातही सूर सुटत नाही.

आता बँड. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, याला लोंबार्ड परिणाम म्हणतात. जोराच्या नादात जबडा आवळला जातो, सूर चढतो आणि आणखीच ऐकू येईनासा होतो. तेव्हा आधी जागा बदला. झांजांच्या आणि कीबोर्डच्या स्पीकरच्या तोंडासमोर उभं राहू नका. मॉनिटर मिळत असेल तर साउंडवाल्याला त्यात आपलाच आवाज सोडायला सांगा, इतरांचा अगदी थोडा. मॉनिटर नसेल तर ड्रम्सच्या बाजूच्या कानात इअरप्लग घाला. कान बंद झाला की कवटीतला गुंजारव वाढतो आणि त्या गलक्यात तो कामी येतो. स्टुडिओत वादक हेडफोनचा एक कान उघडा ठेवतात तोही आपलं वाद्य थेट ऐकू यावं म्हणूनच.

इअरप्लग स्पंजचे न घेता वादकांसाठी बनवलेले घ्या. ते सगळे सूर साधारण सारखेच खाली आणतात. जवळून सॅक्सोफोनचा आवाज 90 डेसिबलच्या वर सहज जातो. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास, 88 मध्ये चार आणि 94 मध्ये एकच तास राहावं. कार्यक्रमानंतर दुसऱ्या दिवशीही कानात शिट्टी वाजत राहिली, तर मात्र कान दाखवून घ्याच.