हिवाळ्याचा हंगाम आणि विजन-विचार

नागपूरहून सावनेरकडे जाणाऱ्या मार्गावर कोराडी हे गाव आहे. एकीकडे तलाव व जगदंबेचे देवस्थान, दुसरीकडे औष्णिक वीज केंद्राची उंच धुरांडी, असे तेथील दृश्य आहे. १९७४ साली या केंद्राचा पहिला संच सुरू झाला; आज प्रत्येकी ६६० मेगावॅटचे तीन मोठे संच तेथे आहेत. भट्टी रात्री विझत नाही, म्हणून कामगार पाळीपाळीने अहोरात्र राबतात. भोवतीच्या शिवारात कार्तिकापासून कापसाची वेचणी लागते. एक वेचणी संपते तोच दुसरीची वेळ होते. संत्र्याची तोडणी, तुरीची सोंगणी, गहू-हरभऱ्याचे ओलीत ही कामे एकाच वेळी अंगावर येतात. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते. मार्गशीर्षात श्रीदत्तात्रेयप्रभूंचा अवतारदिन येतो आणि आश्रमांतही यात्रेकरूंची वर्दळ वाढते.

अशा दिवसांत नामधारकाच्या मुखी एक वाक्य हमखास येते : ‘हंगाम निघाला की स्मरणाला निवांत बसू.’ वाक्य निरुपद्रवी दिसते. पण हंगामामागून हंगाम निघून जातात आणि ती बैठक घडत नाही. म्हणून या वाक्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

१. विश्रांती, आळस आणि विजन

श्रमलेल्या देहाने थांबणे ही विश्रांती होय. करण्याजोगे कर्म टाळून थांबणे हा आळस होय. विजन या दोहोंहून वेगळे आहे. जनांपासून दूर होऊन परमेश्वराच्या स्मरणासाठी बसणे, हे विजनाचे स्वरूप. सूत्रपाठातील आचारविचारात अटन, भिक्षा, निद्रा यांच्याप्रमाणेच विजनालाही स्थान आहे. भिक्षेची वेळ जशी साधक काम संपण्यावर सोडीत नाही, तशीच विजनाची वेळही सोडावयाची नसते. उरलेल्या वेळात करावयाची ही गोष्ट नव्हे. हंगामात वेळ उरतच नाही. म्हणून वेळ आधी काढून ठेवावा लागतो.

२. ऋतूचे दान

वास्तविक पाहता, ज्या ऋतूत कामे अधिक त्याच ऋतूत रात्रही मोठी असते. डिसेंबरच्या अखेरीस नागपूरच्या परिसरात रात्र सुमारे १३ तासांची असते. जूनच्या अखेरीस ती साधारण साडेदहा तासांची असते. म्हणजे अडीच तासांचे दान हिवाळा प्रत्येकाच्या पदरी टाकतो. शेतकरी दिवस लहान झाला म्हणून हळहळतो. रात्र वाढली याकडे त्याचे लक्ष जात नाही. थंडीचा पारा दहा अंशांच्या खाली उतरला की अंथरूण सोडवत नाही, हे खरे. तथापि या अडीच तासांतील अर्धा तास पहाटेच्या स्मरणास दिला, तरी झोपेचे काही उणे होत नाही.

३. ऋद्धिपूरचा दाखला

सर्वज्ञ श्रीचक्रधरप्रभूंनी उत्तरापंथे गमन केल्यानंतर भक्तजन ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. त्या सेवेस विसावा नव्हता. तरीही श्रीनागदेवाचार्य वाजेश्वरीच्या देवळात एकांती बसून सर्वज्ञांच्या लीळांचे स्मरण करीत, असे परंपरा सांगते. म्हाइंभटांनी ते जाणले, विचारले आणि त्यातून लीळाचरित्राचे संकलन घडले. सेवेचे निमित्त सांगून आचार्यांनी विजन टाळले असते, तर आज लीळा आपल्या हाती आल्या नसत्या. विजनाचे निमित्त सांगून सेवा टाळली असती, तर सेवाधर्म बुडाला असता. दोन्ही एकाच गावी, एकाच काळी घडले, हे येथे ध्यानात घ्यावे.

४. शंका आणि समाधान

शंका : भिक्षुकास विजन साधेल, रात्री ओलीत करणाऱ्या नामधारकाने काय करावे?

समाधान : स्मरण नाम, लीळा, मूर्ती आणि चेष्टा यांचे असते. यांपैकी नाम हातातील कामासोबत चालू शकते. एक वाफा भरेपर्यंत धुऱ्यावर बसलेल्या माणसाला नाम घेण्यास कोणाची आडकाठी आहे? लीळेच्या स्मरणास मात्र स्थिर बैठक लागते. ती दिवसातून एकदा, थोडी का होईना, परंतु नेमाने असावी.

शंका : ज्याची पाळी दर काही दिवसांनी बदलते, त्याची पहाट कोणती?

समाधान : घड्याळाची पहाट त्याला बांधीत नाही. झोपून उठल्यानंतर व कामाला लागण्यापूर्वी जी घटका असते, तीच त्याची पहाट. रात्रपाळी करून आलेला मनुष्य दिवसा झोपला असता घरच्यांनी शांतता राखणे, हाही धर्मच होय. निजलेल्याच्या उशाशी मोठ्याने पारायण केल्याने पारायणाचा हेतू साधत नाही.

शंका : घरातील स्त्रीचे काय?

समाधान : हा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि तो बहुधा विचारलाच जात नाही. दिवसभर कापूस वेचून आलेली स्त्री चुलीपुढे बसते आणि पुरुष स्मरणाला बसतो; मग त्याची शांती तिच्या श्रमावर उभी राहते. सर्वज्ञांनी स्त्रियांनाही अनुसरणाचा अधिकार दिला. महदाइसेचे प्रश्न आणि त्यांना मिळालेली उत्तरे मार्गाला परिचित आहेत. त्या मार्गाच्या घरात स्त्रीला स्मरणाची घटका नसावी, हे विसंगत आहे. पाणी भरणे, लेकरू सांभाळणे, भांडी घासणे यांतील एखादे काम पुरुषाने हाती घेतले, तर त्याच घरात दोघांचे विजन साधते. अहिंसा मानणाऱ्याने दिवसभर जुंपलेल्या बैलाच्या विसाव्याचाही असाच विचार करावा.

५. तात्पर्य

कोराडीच्या केंद्रातील संचही अखंड चालविता येत नाहीत. त्यांना ठरल्या क्रमाने एकेक करून बंद ठेवावे लागते, तपासावे लागते. ठरवून थांबविला नाही, तर संच बिघाडाने थांबतो. आणि तो केव्हा थांबेल, हे मग माणसाच्या हाती राहत नाही. लोखंडाच्या यंत्राला जो नियम, तो देह आणि मन यांना लागू नाही असे कोण म्हणेल?

कापूस घरी येईल, लग्ने पार पडतील, यात्रेकरू आपापल्या गावी परततील; पुढच्या कार्तिकात हे सर्व पुन्हा उभे राहील. आयुष्याचे हंगाम मात्र मोजके आहेत. म्हणून हंगाम संपण्याची वाट न पाहता, हंगामाच्या मध्येच स्मरणाची घटका राखावी, आणि ती आपल्या घरातील प्रत्येकाला मिळेल असे पाहावे, हाच या विचाराचा मथितार्थ होय.