विंचूदंशावरील उपचार आणि परिचारिकेचे काम

विंचू चावलेला मनुष्य वेदनेने तळमळत असतो, म्हणून घरच्यांचे सारे लक्ष वेदनेकडे जाते. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने येणारा मृत्यू मात्र वेदनेमुळे येत नाही. तो हृदय आणि फुफ्फुसे यांच्यावर पडलेल्या ताणामुळे येतो. किंबहुना दंशाच्या जागी असह्य कळा आहेत, परंतु अंगावर अन्य लक्षण नाही, असा रुग्ण बहुधा धोक्याबाहेर असतो. अशा कळा काही तासांनी आपोआप ओसरतात आणि श्रेय मांत्रिकाला मिळते. दरम्यान शेजारच्या घरात फारशी वेदना नसलेले, घामाने चिंब व हातपाय गार पडलेले मूल असेल, तर त्याच्याकडे दुर्लक्ष होते.

हे समजण्यासाठी स्वायत्त चेतासंस्थेची थोडी ओळख हवी. हृदयाचे ठोके, रक्तवाहिन्यांचे आकुंचन, घाम, लाळ, डोळ्याच्या बाहुलीचा आकार यांचे नियमन ही संस्था आपल्या इच्छेवाचून करीत असते. तिची अनुकंपी शाखा शरीराला संकटासाठी सज्ज करते. परानुकंपी शाखा विश्रांती व पचन यांकडे पाहते. लाल विंचवाचे विष चेतातंतूंमधील सोडियमचे मार्ग उघडे ठेवते आणि दोन्ही शाखा एकदम चेतवल्या जातात. आरंभी उलट्या, घाम, लाळ आणि मुलग्यांत व पुरुषांत लिंगताठरता ही लक्षणे दिसतात. पाठोपाठ अनुकंपी शाखेचा जोर चढतो व तो टिकतो. हातपाय गार पडतात, नाडी जलद होते, रक्तदाब वाढतो. आवळलेल्या रक्तवाहिन्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकते व फुफ्फुसांत पाणी साठते.

महाड तालुक्यातील बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांची बारकाईने निरीक्षणे केली. ती १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे प्राझोसिन या औषधाच्या उपयोगाविषयीचे त्यांचे लेखन १९८६ साली त्याच नियतकालिकात आले. प्राझोसिन हे मुळात रक्तदाबावरील औषध. अनुकंपी शाखेचा संदेश रक्तवाहिन्यांच्या ज्या ग्राहींवर पोहोचतो, ते ग्राही ते अडवते. वाहिन्या सैल होतात व हृदयावरील भार उतरतो. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी सुमारे ४० टक्के दगावत. ते प्रमाण या उपचाराने १ टक्क्याच्या आसपास आले. डॉ. बावस्कर यांना २०२२ साली पद्मश्री देण्यात आली. स्वस्त गोळी, आणि तीही तोंडाने देण्याची, हे खेड्यातील केंद्राच्या दृष्टीने मोठेच वैशिष्ट्य म्हटले पाहिजे.

गोळी डॉक्टर ठरवितात, पण नंतरचे तास परिचारिकेचे असतात. पहिल्या मात्रेनंतर रुग्ण एकाएकी उठला, तर रक्तदाब घसरून तो कोसळू शकतो. म्हणून त्याला आडवेच ठेवावे. मूल रडते म्हणून आई त्याला खांद्यावर घेऊ पाहते; तिला समजावून शेजारी निजूनच दूध पाजण्यास सांगावे. पहिले तीन तास दर अर्ध्या तासाने नाडी, श्वसन व रक्तदाब यांची नोंद घ्यावी, पुढील सहा तास दर तासाला. घाम व उलट्या यांमुळे शरीरातील पाणी कमी झालेले असते, त्याची भरपाई करावी लागते. गोळी उलटीतून पडली असल्यास ते डॉक्टरांना तत्काळ कळवावे. पावलांना हात लावून पाहणे ही साधी तपासणी कधीही चुकवू नये. अंग कोरडे व पावले उबदार होणे ही सुधारणेची खूण होय. गोळी सर्वसाधारणपणे तीन तासांच्या अंतराने, ही खूण दिसेपर्यंत द्यावी लागते. उलट खोकला, धाप किंवा तोंडाला फेस आल्यास फुफ्फुसांत पाणी झाल्याचे समजून लगेच हालचाल करावी.

येथे ॲट्रोपिनविषयी सावध राहणे अगत्याचे आहे. घाम व लाळ पाहून ते देण्याचा मोह होतो. परंतु ते परानुकंपी शाखेला रोखते. आधीच उसळलेल्या अनुकंपी शाखेला मग आवर उरत नाही आणि हृदयाची धडधड अधिकच वाढते. हेच ॲट्रोपिन सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाच्या विषबाधेत प्राण वाचविते. तोही रुग्ण घामाने भिजलेला व उलट्या करीत येतो. पण त्याच्या बाहुल्या बहुधा टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात, छातीत घरघर असते आणि कपड्यांना औषधाचा वास येतो. शेतातून आलेल्या मजुराला ‘काय चावले’ याबरोबर ‘काय फवारले’ हेही विचारावे ते यासाठीच.

विंचवाची प्रतिलस आता उपलब्ध आहे. महाड येथे ७० रुग्णांवर झालेल्या व २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रतिलस व प्राझोसिन दोन्ही मिळालेले रुग्ण केवळ प्राझोसिन मिळालेल्यांपेक्षा लवकर बरे झाले. मात्र प्रतिलस हाताशी नाही म्हणून प्राझोसिन लांबवू नये.

पंचायत सदस्यांनी आरोग्य केंद्राला भेट देताना औषधसाठ्याच्या वहीत प्राझोसिनची नोंद पाहावी आणि गोळी कोणत्या प्रकारची आहे हेही विचारावे. रक्तदाबाच्या रुग्णांसाठी दीर्घकाळ हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या मिळतात. विंचूदंशात त्या कामाच्या नाहीत. साधी, लवकर विरघळणारी गोळीच लागते, आणि ती रात्रपाळीच्या परिचारिकेला कुलपाची किल्ली न शोधता मिळाली पाहिजे.