लॅपटॉपची स्क्रीन गेली? आधी टीव्हीला जोडा, मग खिशात हात घाला

कीबोर्डवर पेन राहून जातं, कुणीतरी घाईत झाकण मिटतं आणि 'कट्' असा बारीक आवाज येतो. उघडून बघावं तर कोपऱ्यात शाई सांडल्यासारखा काळा डाग आणि त्यातून निघालेल्या रंगीत उभ्या रेघा. घरात लॅपटॉप एकच, त्यावर मुलीचा प्रोजेक्ट, वडिलांचे सातबाऱ्याचे कागद आणि दुकानाचा हिशोब. पहिला विचार येतो तो सोलापूर गाठण्याचा, नाहीतर थेट पुण्याचा.

जरा थांबा. आपल्या करमाळ्याहून सोलापूर सव्वाशे किलोमीटरच्या घरात आहे. दोन माणसांचं जाणं-येणं आणि जेवण धरलं तर हजार रुपये सहज जातात. तिथं तुमच्या मॉडेलचं पॅनेल शिल्लक नसलं तर दुसरी फेरी आलीच. मग भावात घासाघीस करून वाचवलेले पाचशे रुपये एसटीतच संपतात. म्हणून आधी घरी तपासणी करा, फोटो आणि नंबर फोनवरून पाठवा आणि स्वतः सगळ्यात शेवटी निघा.

घरच्या घरी तपासणी

एचडीएमआय केबलने लॅपटॉप टीव्हीला जोडा. चित्र आपोआप आलं नाही तर कीबोर्डवर विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून 'डुप्लिकेट' निवडा. टीव्हीवर चित्र स्वच्छ असेल तर मदरबोर्ड बहुधा ठीक आहे. दोष पॅनेलचा किंवा केबलचा. टीव्हीवरही रेघा दिसत असतील तर पॅनेल बदलून काही होणार नाही. जोडलेलाच आहे तर महत्त्वाच्या फायली पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.

आता झाकण हळूहळू मागे-पुढे करा. एका कोनात चित्र येतं आणि दुसऱ्या कोनात जातं, असं असेल तर संशय बिजागरीतून जाणाऱ्या डिस्प्ले केबलवर. स्क्रीन पूर्ण काळी असेल तर अंधारात मोबाइलची बॅटरी तिरपी धरून बघा. पुसट आयकॉन दिसले तर चित्र येतंय, फक्त मागचा उजेड गेलाय. डाग, चीर किंवा कुठल्याही कोनात न हलणारी रेघ असेल तर मात्र पॅनेलच गेलं समजा.

खर्च किती?

पुढचे आकडे बाजारातला साधारण अंदाज आहेत. मॉडेल आणि दुकानाप्रमाणे ते वर-खाली होतात.

- डिस्प्ले केबल : ६०० ते १,५०० रुपये
- बिजागरीची जोडी : ६०० ते १,५०० रुपये
- १४ किंवा १५.६ इंची साधं एचडी पॅनेल : ३,००० ते ४,५०० रुपये
- तेवढंच फुल एचडी पॅनेल : ४,००० ते ६,५०० रुपये
- गेमिंग लॅपटॉपचं १४४ हर्ट्झचं पॅनेल : ७,००० ते १२,००० रुपये
- टचस्क्रीन : ८,००० ते १५,००० रुपये
- ओएलईडी : १५,००० रुपयांच्या पुढे
- मॅकबुक : २०,००० रुपयांपासून, वरची मर्यादा मॉडेलवर
- मजुरी : ३०० ते ८०० रुपये, बऱ्याच ठिकाणी पॅनेलच्या भावातच धरलेली

कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात हाच खर्च अनेकदा दीडपट-दुप्पट होतो. सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे, तेव्हा सांगितलेला भाव जीएसटी धरून की वगळून, हे आधीच विचारा. खर्च लॅपटॉपच्या आजच्या बाजारभावाच्या निम्म्याहून जास्त निघाला तर पॅनेल बदलू नका. सात-आठ वर्षांच्या मशिनला जुना मॉनिटर कायमचा जोडून घरकाम भागतं.

करमाळ्यात की कंपनीकडे?

लॅपटॉप वॉरंटीत असेल तर स्थानिक दुकानात उघडू नका. मागच्या बाजूचा सिरीयल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की मुदत कळते. आपोआप आलेली रेघ सहसा वॉरंटीत बसते. पडून किंवा दाबून फुटलेली स्क्रीन बसत नाही. त्यासाठी खरेदीच्या वेळी अपघाती नुकसानीचं वेगळं संरक्षण घेतलेलं असावं लागतं. खरेदीचं बिल काढून बघा. ते घेतलं होतं हे विसरलेले लोक कमी नाहीत.

वॉरंटी संपली असेल तर गावातला जाणकार कारागीर पुरेसा आहे. पॅनेल बदलणं तासाभराचं काम. वेळ लागतो तो पॅनेल मागवण्यात. कारागीर चांगला की नाही हे एका गोष्टीवरून ओळखा : पॅनेलच्या केबलला हात लावण्याआधी तो बॅटरीचा कनेक्टर सुटा करतो का? तसं न करता केबल उपटली तर मदरबोर्डवरचा बॅकलाइटचा फ्यूज उडू शकतो आणि चार हजारांच्या कामात मदरबोर्डचं दुखणं मागे लागतं.

भाव विचारताना

'अमुक कंपनीच्या लॅपटॉपची स्क्रीन केवढ्याला?' या प्रश्नाला नेमकं उत्तर नसतं. एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन प्रकारची पॅनेलं बसवलेली असतात. कारागिराला जुनं पॅनेल उलटं करायला सांगा आणि मागच्या स्टिकरचा फोटो काढा. त्यावर 'एनटी१५६' किंवा 'बी१५६' असा सुरू होणारा लांबलचक नंबर असतो. त्यातले १५६ म्हणजे १५.६ इंच. तो फोटो सोलापूर, नगर आणि पुण्यातल्या दुकानांना पाठवा आणि चार गोष्टी विचारा : पॅनेल नवं की काढलेलं, कनेक्टर ३० पिनचा की ४० पिनचा, रिझोल्यूशन किती आणि गॅरंटी किती महिन्यांची. तिन्ही भाव हाताशी असले की करमाळ्यातल्या दुकानदाराने सांगितलेला भाव रास्त आहे का, ते कळतं. त्याने तीनशे-चारशे जास्त घेतले तरी परवडतं. उद्या रेघ आली तर दुकान चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

पॅनेल बदलायला पासवर्ड द्यावा लागत नाही. लॉगिनचा पडदा दिसला तरी चाचणी होते.

ताब्यात घेताना

माझ्या भाच्याने एका दुकानात फुल एचडी पॅनेल बसवून घेतलं. घरी आल्यावर अक्षरं जरा फुगीर वाटली, पण नवीन आहे म्हणून कुणी बोललं नाही. आठवड्याने डिस्प्ले सेटिंग्ज उघडली, तर १९२० बाय १०८०च्या जागी १३६६ बाय ७६८. पैसे फुल एचडीचे, माल साध्या एचडीचा. बिलावर लिहिलं होतं, 'स्क्रीन, १ नग'. भांडायचं तरी कशाच्या जोरावर?

म्हणून दुकानातच हे बघून घ्या : रिझोल्यूशन, पांढऱ्या, काळ्या, लाल, हिरव्या आणि निळ्या पडद्यावर एखादा ठिपका मेलेला आहे का, झाकण दहा वेळा उघडमीट केल्यावर चित्र हलतं का, कॅमेरा आणि माइक चालतो का. वायफायही तपासा, कारण बऱ्याच लॅपटॉपमध्ये त्याच्या अँटेनाच्या तारा झाकणातून जातात. बिलावर पॅनेलचा पूर्ण नंबर, रिझोल्यूशन आणि गॅरंटीची तारीख लिहून घ्या.

फसलात तर

'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी दाखवून सदोष माल गळ्यात मारता येत नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा तशीच प्रथा ठरते. आधी दुकानदाराला लेखी कळवा. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तरीही दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मालासाठी मोजलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर फी नाही; तक्रार २ वर्षांच्या आत करायची. पॅनेल पुण्यात बसवलं असलं तरी तक्रार सोलापूरला करता येते, कारण या कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात दाद मागण्याची सोय दिली आहे. तक्रार ऑनलाइनही दाखल होते, म्हणजे इथेही पहिली फेरी वाचते.

या सगळ्याला आधार एकच, पक्कं बिल. दुकानदार म्हणेल, 'बिल नको असेल तर जीएसटी वाचेल.' चार हजारांवर वाचणारे ते ७२० रुपये बाजूला ठेवा आणि बिल मागून घ्या.