किशोरवय आणि घरचा आचार

बाल्यावस्थेत मूल सांगितलेले ऐकते. प्रौढपणी मनुष्य आपले आपण ठरवितो. या दोहोंच्या मधला जो काळ, ते किशोरवय होय. या वयात ‘असे कर’ एवढे सांगून भागत नाही, ‘का करावे?’ हा प्रश्न मनात उभा राहतो. पाठ केलेले वचन म्हणजे मूल्य नव्हे. कोणी पाहत नसतानाही जे सोडवत नाही, ते मूल्य. असे मूल्य किशोराच्या ठिकाणी कशाने दृढ होते, याचा विचार येथे आचार्य विनोबा भावे यांच्या घराच्या दृष्टांताने करावयाचा आहे.

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे या गावी झाला. वडील नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्यास असल्यामुळे त्यांचे किशोरवय तेथे गेले. आई रुक्मिणीबाई भाविक होत्या. गागोद्यास असताना घरच्या झाडाचा फणस कापला की आई त्याचे वाटे मुलांच्या हाती देऊन आधी शेजारीपाजारी पाठवीत असे; घरच्यांनी खावयाचे ते त्यानंतर. दानाचे माहात्म्य मुलाच्या कानी पडण्यापूर्वी दान त्याच्या हातून घडू लागले होते. संस्काराचा हाच पहिला मार्ग होय.

परंतु केवळ सवय किशोरवयात टिकत नाही. तिला प्रश्नाची कसोटी लागते. एकदा शेजारघरी स्वयंपाक करणारे कोणी नव्हते. आई आधी आपल्या घरचा स्वयंपाक उरकून मग तेथे जाई. विनोबांनी विचारले, ‘आपले आधी आणि त्यांचे नंतर, हा स्वार्थ नव्हे काय?’ आई रागावली नाही. त्यांचे अन्न आधी करून ठेवले तर जेवणाच्या वेळेपर्यंत ते निवून जाईल, त्यांना ऊन अन्न मिळावे म्हणून आपण नंतर जातो, असे तिने समजावून सांगितले. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. मुलाने आईचे माप आईलाच लावले, हे संस्कार रुजल्याचे चिन्ह होय, उद्धटपणाचे नव्हे. आणि आईजवळ देण्यासारखे खरे उत्तर होते. ज्या आचाराला उत्तर नसते, त्याचे रक्षण दटावणीने करावे लागते, आणि दटावणी दूर झाली की तो आचारही जातो.

वडिलांचा स्वभाव शिस्तीचा होता. लहानपणी विनोबांना त्यांच्या हातचा मार पुष्कळ बसला. एके दिवशी तो अकस्मात थांबला. आपल्याला सोळावे वर्ष लागले म्हणून तो थांबला, हे विनोबांना मागाहून उमगले. सोळाव्या वर्षापासून पुत्राशी मित्राप्रमाणे वागावे, हा शास्त्रनियम वडिलांनी पाळला होता. शासन केव्हा संपवावे हे ओळखणे, हाही संस्काराचाच भाग आहे.

घराबाहेरची संस्कृतीही मुलाला घडवीत असते. बडोद्यात विनोबांना ग्रंथालय लाभले, समविचारी मित्र लाभले, आणि लोकमान्यांच्या ‘केसरी’तून देशाची हाक ऐकू आली. ते वारे त्या काळी अनेक तरुणांच्या अंगावरून गेले. बी बाहेरून येते. परंतु ते कोणत्या भूमीत पडते, यावर पीक अवलंबून असते.

येथे एक आक्षेप संभवतो. १९१६ साली विनोबांनी आईसमक्ष आपली प्रमाणपत्रे चुलीत जाळली, आणि २५ मार्च रोजी इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेले विनोबा सुरतेस उतरून काशीस गेले. मुलगा असा घर सोडून जात असेल, तर संस्कार फळले कसे म्हणावे? वडिलांनी आधुनिक शिक्षणाची आशा धरली होती, ती भंगली. आईला १९१८ साली मरण आले. त्या घराने मोठी किंमत दिली, हे नाकारता येत नाही.

याचे समाधान असे. घर मूल्य देऊ शकते. त्या मूल्याचा विनियोग कोठे करावा, हे घर ठरवू शकत नाही. गीता समजेल अशा सोप्या मराठी पद्यात हवी, ती तूच का लिहीत नाहीस, असे आई म्हणाली होती. १९३० च्या ऑक्टोबरात विनोबांनी ‘गीताई’ आरंभिली आणि १९३१ च्या फेब्रुवारीत पूर्ण केली. तेव्हा आईला जाऊन बारा वर्षे झाली होती. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली येथे १०० एकरांचे पहिले भूदान मिळाले. जो हात लहानपणी फणसाचे वाटे पोचवीत होता, तोच आता भूमिहीनांसाठी जमीन मागत होता. मुलगा घराबाहेर पडला; घरचा आचार त्याच्यातून बाहेर पडला नाही.

दार्ष्टांतिक उघड आहे. आपली मुले ऐकत नाहीत, अशी खंत अनेक घरांत असते. तेथे वडीलधाऱ्यांनी प्रथम हे पाहावे की, मुलांनी ऐकावे असे जे आपण सांगतो, ते त्यांना आपल्या घरात घडताना दिसते काय. उपदेश करणाऱ्यासही हाच नियम लागू आहे. मुलाने प्रश्न विचारला तर रागावू नये, उत्तर शोधावे. उत्तर सापडले नाही, तर बदल मुलात नव्हे, आपल्या आचारात करावयाचा आहे, असे समजावे.